गाविलगड : भौगोलिक स्थान व राजकीय इतिहास

प्रस्तावना :
वऱ्हाडच्या इतिहासात नरनाळा व गाविलगड या दोन किल्ल्यांना विशेष महत्त्व आहे. नरनाळा अकोला जिल्ह्यात, तर गाविलगड अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालगत सातपुड्याच्या दक्षिण कडेवर आहे. १८०३ मध्ये इंग्रजांनी गाविलगड जिंकला आणि तेथेच त्याचा इतिहास संपला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात किल्ल्याचे स्थान व त्याचा राजकीय इतिहास यांच्या संबंधातून या समजाचा विचार केला आहे.

स्थान व पूर्वेतिहास :
किल्ल्याच्या दक्षिणेस पूर्णा खोऱ्याचा काळ्या मातीचा सपाट प्रदेश, म्हणजे पयानघाट आहे. या बाजूस तुटलेले कडे हेच किल्ल्याचे संरक्षण होय. उत्तरेस लाबाड्याच्या दिशेने मात्र तो डोंगराळ भूभागाशी जोडलेला आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी त्या अंगास बाहेरचा किल्ला उभारण्यात आला. फेरिश्ताच्या मते बहामनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५-२६ च्या सुमारास हा किल्ला बांधला. तथापि नावावरून तो मूळचा गवळ्यांचा असल्याची परंपरा सांगितली जाते. पुढे अचलपूरच्या इमादशाहीचा तो आधार होता. १५७४ मध्ये वऱ्हाड निजामशाहीकडे व १५९६ च्या तहाने मोगलांकडे गेला. अठराव्या शतकात किल्ला नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला.

१८०३ चा वेढा :
२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला. त्यानंतर इंग्रज सेना गाविलगडाकडे वळली. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून चाल करीत असता, स्टीव्हन्सनने डोंगरातून वाट काढून अवजड तोफा लाबाड्यास पोहोचविल्या. उत्तरेच्या तटास खिंडार पडले आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना कामी आला.

तहानंतरचा काळ :
१७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. परंतु गाविलगड व नरनाळा त्यांच्याकडेच राहिले. म्हणजे किल्ला जिंकणाऱ्यांनीच तो दोन आठवड्यांच्या आत परत दिला. १८२२ मध्ये हा प्रदेश निजामाकडे आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडसह इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८५८ मध्ये किल्ल्याची तटबंदी निकामी करण्यात आली.

निष्कर्ष :
गाविलगडाचा पाडाव डोंगराच्या बाजूने झाला, हे त्याच्या भौगोलिक स्थानाचेच फलित होय. परंतु १८०३ हा त्याचा शेवट नव्हे. मैदान व घाट यांवर परस्परविरोधी सत्ता होत्या, तोवर किल्ल्यास मोल होते. संपूर्ण वऱ्हाड एकाच सत्तेच्या कारभाराखाली येताच ते मोल संपले. तोफांनी किल्ला जिंकला. निरुपयोगी मात्र त्यास राजकीय परिवर्तनाने केले. आज मेळघाटच्या अरण्यात उभे असलेले त्याचे अवशेष या दृष्टीने अभ्यासणे आवश्यक आहे.