ऐनाच्या राखेतला चुना

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या गावात शेतीचे दोन थर दिसतात. खाली ओहोळाच्या कडेने बांध घालून केलेली भाताची खाचरे, आणि वर उतारावर वरकस जमीन. वरकसात नागली, वरई, उडीद, तूर, खुरासणी आलटूनपालटून घेतात आणि मग जमीन काही वर्षे पडीक ठेवतात. पावसाळ्यात इथे सर्वसाधारणपणे अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. एवढे पाणी उथळ, तांबूस मातीतून वाहून जाते तेव्हा ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर नेते. त्यांची जागा हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम घेतात आणि माती आम्ल होत जाते. अशा मातीत चुना घाला, हा आजचा सल्ला शास्त्राला धरूनच आहे. पण हा सल्ला देताना असे गृहीत धरले जाते की या उतारांना चुना कधी मिळालाच नव्हता. माझे म्हणणे याच्या उलट आहे. जव्हार-मोखाड्याच्या वरकसाला पिढ्यान्‌पिढ्या चुना मिळत आला, आणि तो झाडांतून आला. राबाच्या, म्हणजे रोपाच्या जागेवर भाजलेल्या फांद्या-पाल्याच्या, राखेतून तो जमिनीत पडत होता. राबावरून सरकारदरबारी मोठा वाद झाला, त्यात लाकूड मोजले गेले, खत मोजले गेले, पण हा चुना हिशेबात धरला गेला नाही. ती उणीव आजच्या शिफारशीतही शिल्लक आहे.

आधी एक कोडे सोडवायला हवे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, आणि त्यात कॅल्शियमच्या ऑक्साइडचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असते. मग त्याच्यावरची माती चुन्याला महाग कशी? उत्तर पावसात आहे. घाटमाथ्याच्या पलीकडे, कमी पावसाच्या देशावर, याच कातळातून सुटलेले कॅल्शियम मातीतच राहते आणि चुनखडीचे खडे होऊन काळ्या रानात सापडते. इकडे ते खडे तयार व्हायला सवडच मिळत नाही. चुनखडीचे मोठे दगडी थर महाराष्ट्रात आहेत ते यवतमाळ आणि चंद्रपूरकडे, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला. कोकण किनाऱ्यावर खाडीतले शिंपले भाजून चुना पाडत, पण तो घरे, देवळे, किल्ले आणि पानाचा डबा यांच्यासाठी. बैलाच्या पाठीवरून घाट चढवून आणलेला चुना नागलीच्या शेतात पसरणे कोणत्याही वारली, कोकणा, ठाकूर किंवा महादेव कोळी कुटुंबाला परवडणारे नव्हते.

पण कातळातले कॅल्शियम वर आणणारे एक साधन डोंगरावर उभेच होते. झाडाची मुळे उथळ मातीच्या खाली, कुजत चाललेल्या मुरुमापर्यंत जातात. नागलीची मुळे तिथे पोचत नाहीत. झाड ते कॅल्शियम साल, पाने आणि फांद्यांत साठवते, आणि या बाबतीत सह्याद्रीतल्या झाडांमध्ये ऐनाची बरोबरी करणारी झाडे थोडी. ऐनाच्या सालीत कॅल्शियम ऑक्झलेट भरपूर असते. ती जाळून निघणारी राख चुन्याच्या जागी पानाला लावून खातात, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केलेली आहे. डोंगरातल्या लोकांना ऐनात चुना आहे हे रसायनशास्त्राच्या आधी जिभेने कळले होते, याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. आणि राबासाठी ज्या झाडांच्या फांद्या छाटत, त्यांत ऐन अग्रभागी होता.

राबाची रीत अशी. उन्हाळ्यात रोपासाठी ठरवलेल्या तुकड्यावर शेणाचा थर, त्यावर छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यात वर माती. मग वाऱ्याच्या उलट बाजूने विस्तव लावायचा, म्हणजे आग भडकत न जाता सावकाश भाजत जाते. ऑक्झलेट या आगीत फुटते आणि त्यातून कॅल्शियम कार्बोनेट उरते, म्हणजे चुनखडीचा जो घटक आपण पोत्यात भरून विकत घेतो तोच, शिवाय कोणत्याही गिरणीतून निघणार नाही इतका बारीक. पहिल्या पावसानंतर त्याच जागी भाताचे किंवा नागलीचे बी पेरत. उतारावर फिरत्या शेतीची दळीची पद्धत होती, तिच्यात झाडोरा तोडून सबंध तुकडाच जाळत आणि राखेत पेरत. राखेचे मोल ओळखणारे हे डोंगरातले शेतकरी एकटेच नव्हते. पो नदीच्या उत्तरेचे शेतकरी जनावरांच्या शेणखतापेक्षा राख पसंत करतात, असे रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचा येईल, आणि तो रास्त आहे. वाळलेल्या फांद्या-पाने जाळली तर टनामागे साधारण 30 ते 50 किलो राख मिळते, आणि आम्लता मारण्याची तिची ताकद शुद्ध चुनखडीच्या निम्मी धरली तर 15 ते 25 किलो चुनखडी हाती आली. एका हेक्टरला दोन टन चुनखडी हवी असेल तर सुमारे 80 ते 130 टन झाडोरा जाळावा लागेल. एवढे जंगल कोणाकडे नव्हते. सगळ्या शेताला राबाने चुना मिळत होता असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. पण राब सगळ्या शेताला द्यायचा नसतोच, तो रोपाच्या वाफ्याला द्यायचा असतो, आणि तो वाफा लावणीच्या शेताच्या साधारण दहाव्या हिश्शाचा असतो. एका गुंठ्यावर अर्धा टन झाडोरा भाजला असे धरू. 20 किलो राख, म्हणजे 10 किलो चुनखडीइतका परिणाम. हेक्टरी हिशेब केला तर तो एक टन होतो, आणि हलक्या, मध्यम आम्ल जमिनीला आजही साधारण एवढाच किंवा थोडा जास्त चुना सुचवला जातो. रोपाच्या कोवळ्या मुळांना ॲल्युमिनियमचा त्रास सर्वांत जास्त होतो. नेमक्या त्या तीन-चार आठवड्यांत ते रोप चुन्याच्या मातीत वाढत होते. तुटपुंजा चुना जिथे सर्वांत जास्त उपयोगी पडेल तिथेच खर्च करण्याची ही पद्धत होती, आणि तिच्यातली हुशारी मान्य करायला मला कोणताही संकोच वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. 1912 साली हॅरल्ड मान, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या राब पद्धतीवर सविस्तर रासायनिक अभ्यास प्रसिद्ध केला. मान तेव्हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. राबाचा फायदा केवळ राखेतल्या खताने होत नाही, माती तापण्याचा त्यात मोठा वाटा आहे, हे या अभ्यासाने पुढे आणले. मातीला उष्णता लागली की तिच्यातले जीवजंतू आणि विरघळणारी द्रव्ये बदलतात, तणाचे बी मरते. हे सगळे मी मान्य करतो. पण उष्णतेचा परिणाम एका हंगामाचा असतो, पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा विकत घ्यावा लागतो. राखेतले कॅल्शियम थोडे वाहून जाते, थोडे राहते, आणि त्याच तुकड्यावर दरसाल राब भाजला तर ते साचत जाते. एका हंगामाच्या रोपांची उंची मोजली तर उष्णता जिंकेल. तीस वर्षांनी त्या वाफ्याची माती शेजारच्या उताराच्या मातीशी ताडून पाहिली तर राखेचा हिस्सा समोर येईल. दोन्ही कारणे खरी असू शकतात, एक लवकर दिसते आणि दुसरे उशिरा.

राबाचा वाद पेटला त्या काळात मातीची आम्लता नीट मोजण्याचे साधनच नव्हते. जव्हार मुकणे घराण्याचे संस्थान होते, तर मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्याचा पेटा होता. 1865 मध्ये कसारा घाटातून रेल्वे गेली आणि ठाण्याच्या जंगलातल्या लाकडाला मोठे गिऱ्हाईक मिळाले. 1878 चा वनकायदा आला, राखीव जंगले आखली गेली, आणि राबासाठी फांद्या छाटण्यावर बंधने आली. तक्रारी एवढ्या वाढल्या की 1885 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या प्रश्नावर मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. वनखात्याच्या दृष्टीने राब म्हणजे उधळपट्टी होती. शेतीखात्याकडून ओझेन यांनी लोणावळ्याला राबाचे प्रयोग केले, आणि पुढे डॉ. व्होल्कर यांनी 1893 च्या हिंदी शेतीवरच्या अहवालात त्यांची दखल घेतली. शेतकरी काहीतरी जाणून हे करतो, हा धागा त्या लिखाणात आहे, आणि त्याबद्दल त्या माणसांचा आदर वाटतो. पण सामू, म्हणजे पीएच, मोजण्याचे माप सोरेनसेन यांनी कोपनहेगनमध्ये मांडले ते 1909 साली. म्हणजे ज्या वर्षांत राबाचा निवाडा होत होता त्या वर्षांत ‘ही माती किती आम्ल आहे आणि राखेने ती किती बदलली’ हा प्रश्न आकड्यात विचारताच येत नव्हता. अमेरिकेत एडमंड रफिन यांनी 1832 च्या आपल्या ग्रंथात आम्ल जमिनीला चुनकट माती घालण्याची बाजू मांडली होती, पण व्हर्जिनियात ती माती जागेवर खणून मिळत होती. मोखाड्यात तिच्या जागी ऐन होता, आणि ऐनाच्या फांदीला हात लावणे हळूहळू गुन्हा होत गेले.

जंगल वाचवायलाच हवे होते, हा आक्षेप इथे कोणी घेईल. वाचवायला हवे होते यात वाद नाही. छाटणी अती झाली की झाड खुरटते हेही खरे. पण बेताने छाटलेला ऐन पुन्हा फुटतो, जिवंत राहतो आणि कॅल्शियम वर ओढत राहतो. मुळासकट तोडून लाकूड म्हणून बाहेर नेलेला ऐन आपल्या फांद्यांत आणि सालीत साठलेला चुनाही कायमचा डोंगराबाहेर नेतो. जमिनीच्या हिशेबात या दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. राब बंद करायचा होता तर त्याच्या बदल्यात चुना द्यायला हवा होता. तो दिला गेला नाही.

आता आजचा चुना. भारतात आम्ल जमीन सुमारे 4.9 कोटी हेक्टर आहे असे मानतात. तिच्यावरचे बहुतेक काम ईशान्य, झारखंड, ओडिशा आणि केरळच्या मातीवर झाले. तिथले प्रमाण उचलून मोखाड्यात पेरले तर नुकसान होईल. भाताच्या खाचरात पाणी साचले की काही आठवड्यांत मातीचा सामू आपोआप वर चढतो, कारण हवेअभावी लोहाचे रूप बदलताना आम्ल खर्ची पडते. तिथे चुन्याचा खर्च बहुधा वाया जातो. नागली आम्लता बऱ्यापैकी सोसते. खरी गरज आहे ती उडीद आणि तुरीला, कारण मुळांवरच्या गाठींमधले नत्र बांधणारे जिवाणू आम्ल मातीत मंदावतात आणि त्यांना लागणारे मॉलिब्डेनमही अडकून पडते. त्यातही सगळ्या रानात दोन टन पसरण्यापेक्षा पेरणीच्या ओळीत हेक्टरी 2 ते 4 क्विंटल घालण्याची पद्धत देशातल्या आम्ल जमिनींवरच्या प्रयोगांतून पुढे आली आहे, आणि गरीब कुटुंबाला तीच झेपणारी आहे. मुळाशी थोडा चुना, हे राबाचेच तत्त्व.

कोणता चुना, हेही पाहावे लागते. शुद्ध चुनखडीची ताकद 100 धरली तर विरवलेल्या चुन्याची सुमारे 136, कळीच्या चुन्याची 179 आणि डोलोमाइटची 109 पर्यंत येते. कळीचा चुना ताकदीने मोठा, पण तो हात भाजतो, बियाण्याजवळ पडला तर कोंभ जाळतो, आणि वाहतुकीत ओल लागली तर पोत्यातच फुलतो. उताराच्या शेतासाठी बारीक दळलेली चुनखडी किंवा डोलोमाइट बरे. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळते, जे पावसाने कॅल्शियमबरोबरच धुऊन नेलेले असते. जाड भरड स्वस्त पडते, पण ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. वैशाखात कोरड्या उतारावर भुकटी फेकून ठेवली तर पहिला जोरदार पाऊस ती ओहोळात नेईल. पहिल्या सरींनी माती ओली झाल्यावर ती मिसळावी. आणि चुना जास्त झाला तर जस्त, लोह, बोरॉन मातीत असूनही पिकाला मिळेनासे होतात. म्हणून मोजल्याशिवाय चुना नको.

हे मोजमाप कसे होते, इथेच जुन्या राबाचा हिशेब पुन्हा करावा लागतो. मृदा आरोग्य पत्रिका योजना 2015 मध्ये सुरू झाली. तिच्यात कोरडवाहू भागात 10 हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घेण्याचे ठरले. सपाट, एकसारख्या मुलखात ते चालेल. पोशेऱ्याच्या डोंगरात 10 हेक्टरमध्ये पाण्याखालचे खाचर, धुपलेला वरकस, 2006 च्या वनहक्क कायद्याने नावावर आलेला वनपट्टा आणि आजोबांपासून राब भाजलेला तुकडा, असे सगळे येऊ शकते. यांची माती एकत्र कालवली तर येणारा सामू त्यातल्या एकाही शेताचा नसतो. राबाच्या तुकड्याला बहुधा चुन्याची गरज नसेल, दहा पावलांवरच्या उडदाच्या उताराला असेल. राबाची जागा कोणती आणि तिथे किती वर्षे भाजले, हे गावातली म्हातारी माणसे अजून बोट दाखवून सांगू शकतात. नमुना घेणाऱ्याने आधी त्यांना विचारावे, त्या जागांच्या पिशव्या वेगळ्या बांधाव्यात, आणि चुन्याची शिफारस त्या पिशव्यांचे आकडे आल्यावर लिहावी.