कुंडीतला वाटाणा

लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५३ साली. मुंबईत १८५४ साली! कलकत्ता आणि मद्रासला त्यासाठी १८५६ साल उजाडावं लागलं. म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष होतंय, तोवर मुंबईत हौशी कॅमेरेवाल्यांची संघटना उभीसुद्धा राहिली होती. मेगापिक्सेलवरून भांडण्याची सोय तेव्हा नव्हती, पण कागद बरा की काच बरी ह्यावरून भांडता येत होतं.

काचेचं प्रकरण जरा समजून घ्या. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या इंग्रजाने ओल्या कोलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर चिकट द्रव पसरायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. मुंबईच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. त्यामुळे अंधारी खोली कायम हाताशी हवी, नाहीतर तंबू, बाटल्या आणि काचा वाहायला माणसं हवीत. 'घराजवळच फोटो काढा' हा सल्ला तेव्हा कुणी द्यायची गरजच नव्हती.

ह्या मंडळींत एक नाव आपल्या ओळखीच्या घरातलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड माहीत असतात (निदान भायखळ्याच्या म्युझियममुळे), पण त्यांचे भाऊ नारायण दाजी फारसे कुणाला माहीत नसतात. तेही डॉक्टर, ते सोसायटीच्या मंडळावर होते आणि मुंबईतल्या माणसांचे फोटो काढत. १८५६ ते ५८ ह्या काळात सोसायटीच्या आश्रयाने हौशी लोकांच्या फोटोंचा एक मासिक अल्बम निघत होता. दर अंकात तीन फोटो, छापलेले नव्हे, खरेखुरे चिकटवलेले.

तो अल्बम काढणाऱ्या दोघांपैकी विल्यम जॉन्सनने पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यात त्याने माणसांचे फोटो घेऊन ते वेगळ्याच काढलेल्या पार्श्वभूमीवर बसवले. चक्क फोटोशॉप! तंत्र म्हणून भारीच. पण माणूस उचलला, त्याच्या घरादारातून सुटा केला आणि 'नमुना' म्हणून सुंदर देखाव्यासमोर उभा केला, हे मला आजही खटकतं. कॅमेरा हातात येऊन दहा-बारा वर्षं झाली नाहीत, तोच फोटोत काय शोभतं आणि काय नाही हे ठरूनही गेलं होतं.

आमच्या वसईच्या बाबतीतही तेच. विरारहून मुंबईची पहिली लोकल १८६७ ची. नऊ वर्षांनी, १८७६ मध्ये, मूळ गोव्याचे आणि मुंबईत डॉक्टरकी करणारे जे. गर्सन द कुन्हा ह्यांनी चौल आणि वसईच्या इतिहासावर इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यात सतरा फोटो आहेत. पुस्तकाचा विषयच पुराणवस्तूंचा, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण दीडशे वर्षं आम्ही सगळे त्याच पुस्तकाची सतरावी आवृत्ती काढतोय! रविवारी सकाळी किल्ल्यात जाऊन बघा. तीच कमान, तोच वडाच्या मुळांनी धरलेला दगड, आणि आता त्याच्यासमोर प्री-वेडिंगवालं जोडपं.

मी राहतो त्याच वसईत, पण रेल्वेच्या पूर्वेला, गोखिवऱ्यात. इथे चिमाजी अप्पा नाहीत, पोर्तुगीज नाहीत. गाळे आहेत, पत्रे आहेत, टेम्पो आहेत, एक तलाव आहे आणि पलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. ऑफिसातल्या फोटोग्राफी ग्रुपवर गोखिवऱ्याचा फोटो टाकला की 'लोकेशन?' असं कुणीही विचारत नाही.

इथे मला दादासाहेब फाळके आठवतात. ते हौशी नव्हते हे मान्य. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला स्टुडिओ चालवलेले, पुरातत्त्व खात्यात काम केलेले. पण सिनेमात ते अजून नवखेच होते. १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन परतले, आणि आता पैसे देणाऱ्याला पटवायचं होतं की ही कला मला येते. मुंबईत दाखवण्यासारखं काय कमी होतं? समुद्र होता, ट्राम होती. ह्या गृहस्थांनी दादरच्या घरात एका कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा लावून ठेवला. महिनाभराहून जास्त. 'अंकुराची वाढ'. पडद्यावर वाटाणा मिनिटभरात उगवून वेल झाला, आणि फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले.

सगळीकडे लिहिलेलं असतं की फाळके दिवसाला एक फ्रेम घेत. आता आपण पडलो आकडेमोडवाले. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम. दिवसाला एक धरली तर महिन्याच्या होतात तीस, म्हणजे दोन सेकंदांचा सुद्धा सिनेमा नाही! मिनिटभरासाठी ९६० लागतात. म्हणजे एकतर तो मिनिट खरा नाही, किंवा दिवसाला एक फ्रेम हे खरं नाही. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. चाळीस दिवस धरले तरी रोजच्या चोवीस फ्रेम होतात. दिवसाउजेडी बारा तास धरा, दर अर्ध्या तासाला एक. थोड्याच दिवसांपूर्वी ह्या माणसाची दृष्टी सिनेमे बघून बघून काही काळ गेली होती, आणि तो पुन्हा एका कुंडीकडे दर अर्ध्या तासाने बघतोय. घरात मुलंबाळं. कॅमेऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, कुंडी हलवायची नाही. त्याच घरात सरस्वतीबाई पुढे फिल्मला भोकं पाडायला आणि ती धुवायला शिकल्या. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला कोरोनेशनमध्ये लागला, पण मला विचाराल तर खरी उडी कुंडीपाशीच होती. वाटाणा उगवतो हे प्रत्येकाला माहीत होतं, उगवताना तो कुणी पाहिला नव्हता.

असो. तर हे गणित डोक्यात बसल्यापासून मी गॅलरीच्या ग्रिलला मोबाईल अडकवायची एक क्लिप बांधली आहे. जूनपासून रोज सकाळी आठला एक फोटो, पूर्वेकडे, जागा तीच. दिवसाला एकच, फाळक्यांइतका दम आपल्यात नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाळ्यांच्या पत्र्यांवर निळ्या ताडपत्र्या चढल्या. डोंगर तपकिरी होता तो आधी पोपटी, मग गडद झाला. जुलैत तर नऊ दिवस नुसता पांढरा पडदा, फ्रेममध्ये काहीच नाही. तेही ठेवलेत. ऑफिसच्या पोरांना हे नऊ फोटो सगळ्यात जास्त आवडले, का ते विचारू नका.

आणखी एक गोष्ट फ्रेममध्ये आहे, जी मी सुरुवातीला धरलीच नव्हती. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याचं कुंपण आलं, मग खड्डा, मग सळया. सगळे फोटो सेकंदाला सोळाच्या वेगाने पळवले की डोंगर हिरवा होत जातो आणि त्याच वेळी खालून काँक्रीट वर येत जातं. सोसायटीतले एक काका ते बघायला घरी आले होते. ते इथलेच, त्यांच्या लहानपणी ह्या प्लॉटवर भात व्हायचा. त्यांनी आठ वेळा पुन्हा लावायला सांगितलं, आणि दर वेळी शेवटी येऊन थांबलं की बोट ठेवून विचारायचे, "आता किती राहिलाय?"

परवा पाचवा स्लॅब टाकला. डोंगराची वरची कड अजून दिसते.