सेवेचे शिक्षण : शातियोंपासून नागपाड्यापर्यंत

परीक्षांचे निकाल लागले की धर्मग्रामातील घराघरांतून पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. बँक, नर्सिंग, हॉटेल व्यवस्थापन, संगणक ही नावे सर्वांच्या ओठांवर असतात. अशा वेळी एखाद्या मुलीने 'मला समाजकार्याचे शिक्षण घ्यायचे आहे' असे म्हटले, तर घरातील वडीलधारी माणसे बुचकळ्यात पडतात. सेवा करायला का कॉलेजात जावे लागते? आपल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गोरगरिबांच्या घरी नेमाने जातात, त्यांच्यापाशी कोणती पदवी असते? आणि सेवेबद्दल पगार घेणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? हे प्रश्न प्रामाणिक आहेत. गंमत अशी की, ज्या संताच्या नावाने ही सोसायटी चालते, त्या संतालाच यांपैकी पहिला प्रश्न पडला होता आणि त्याचे उत्तरही त्याने शोधले होते.

१६१७ साली संत व्हिन्सेंट डी पॉल फ्रान्समधील शातियों या लहानशा गावी धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्साची वस्त्रे परिधान करीत असताना त्यांना निरोप आला की, गावाबाहेरच्या एका घरात सारेच आजारी आहेत आणि पाणी द्यायलाही कोणी उभे नाही. त्यांनी उपदेशात ही हकीकत सांगितली. दुपारनंतर ते स्वतः तिकडे निघाले, तेव्हा वाटेवर अन्न घेऊन जाणाऱ्या व रिकाम्या हाताने परतणाऱ्या स्त्रियांची रीघ लागली होती. त्या घरात इतके अन्न साचले की, आज नासून जावे आणि उद्या पुन्हा उपासमार व्हावी! प्रेम उदंड होते, परंतु त्याला व्यवस्था नव्हती, हे व्हिन्सेंटच्या ध्यानी आले. त्यांनी त्या स्त्रियांना एकत्र केले, पाळ्या लावून दिल्या, हिशेब ठेवायला लावला आणि वर्ष संपण्यापूर्वी त्यांच्यासाठी लेखी नियमावली केली.

त्या नियमावलीतील एक कलम मला फार मोलाचे वाटते. ज्या रुग्णाजवळ घरचे कोणी आहे, त्याच्यापासून भेटींना सुरुवात करावी आणि जो एकटा आहे, त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे. म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येते. वरवर पाहता एकाकी माणसाकडे आधी धावावे असे कोणालाही वाटेल. उलट क्रमामागचे शहाणपण निव्वळ कळवळ्यातून येत नाही. ते निरीक्षणातून येते. १६३३ मध्ये लुईझ द मारिलाक यांच्या साहाय्याने व्हिन्सेंटने धर्मभगिनींचा जो संघ स्थापन केला, त्यात खेड्यातल्या साध्या मुलींना रुग्णसेवेचे व लिहिण्यावाचण्याचे धडे दिले जात. पुढे १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी गरिबांच्या घरभेटींचे व्रत घेतले. आजची आपली सोसायटी ती हीच.

एकोणिसाव्या शतकात गिरण्या व गोद्यांची अवाढव्य शहरे उभी राहिली आणि गावची ओळखपाळख संपली. एकच कुटुंब चार संस्थांकडून मदत घेई आणि शेजारचे कुटुंब उपाशी राही. अमेरिकेतील मेरी रिचमंड या बाई अशाच एका दानसंस्थेत काम करीत होत्या. १८९७ साली त्यांनी एका परिषदेत मागणी केली की, या कामासाठी स्वतंत्र शिक्षणसंस्था हवी. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वर्ग भरला. व्यावसायिक समाजकार्याच्या शिक्षणाचा आरंभ सामान्यतः तेथून मोजतात.

हे शिक्षण आपल्याकडे कसे आले, तो इतिहास मराठी ख्रिस्ती वाचकाला जवळचा वाटावा असा आहे. १८१३ साली मुंबईत पाऊल ठेवणाऱ्या आणि पुढे 'ज्ञानोदय' काढणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने १९२५ मध्ये डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांना मुंबईला पाठविले. त्यांनी चर्च बांधले नाही. भायखळ्याजवळच्या नागपाड्यात, दाट वस्तीच्या मधोमध, १९२६ साली त्यांनी नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केले. तेथे हिंदू, मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती असे सर्व धर्मांचे लोक येत. काही वर्षे तेथे काम केल्यावर मॅन्शार्टना पटले की, हौशी स्वयंसेवकांवर हा गाडा चालणार नाही. या मातीतली, शिकलेली माणसे तयार केली पाहिजेत. १९३२ साली सर दोराबजी टाटा यांच्या संपत्तीतून न्यास निर्माण झाला आणि मॅन्शार्ट त्याचे संचालक झाले. दारिद्र्याची कारणे तशीच ठेवून नुसती दाने वाटू नयेत, असा आग्रह त्यांनी विश्वस्तांपुढे धरला. १९३६ च्या जून महिन्यात नागपाड्याच्या त्याच वास्तूत २० विद्यार्थ्यांनिशी पदवीधरांसाठी समाजकार्याचे भारतातील पहिले विद्यालय उघडले. १९४४ पासून ते टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने ओळखले जाते. हा पुढाकार प्रॉटेस्टंट बंधूंचा होता, हे आपण कॅथलिकांनी मोकळेपणाने मान्य करावे.

विद्यालय निघाले, पण शिकून बाहेर पडणाऱ्यांना नोकरी कोण देणार? येथे कायद्याने हात दिला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. त्याआधी १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूक झाली होती. करिअर म्हणून या शिक्षणाला प्रतिष्ठा लाभली ती अशी. मात्र तिची किंमतही मोजावी लागली. कामगारांचा म्हणून नेमलेला अधिकारी हळूहळू मालकाच्या कचेरीतला माणूस होत गेला आणि पुष्कळ हुशार विद्यार्थी झोपडपट्टीऐवजी कंपन्यांच्या कर्मचारी विभागांकडे वळले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. घर सर्वांनाच चालवायचे असते. पण याच संस्थेतून १९९६ साली संकटातील मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनी सेवा उभी राहिली, हेही नोंदवले पाहिजे.

कॅथलिक पाऊल पडले ते १९५५ साली. डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या संघाच्या भगिनींनी मुंबईत न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय स्थापन केले. या संघाचा जन्म १७९० चा, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीतला. मठ बंद पडत होते, धर्मवस्त्रांवर बंदी येत होती. तेव्हा येशूसंघीय धर्मगुरू पियेर द क्लोरिव्हिएर आणि आदेलाईद द सिसे यांनी ठरविले की, आपल्या भगिनी साध्या वेशात, लोकांमध्येच राहतील. वेगळ्या वस्त्राविना चाळीच्या जिन्यावरून चढणाऱ्या समाजसेविकेचे शिक्षण याच भगिनींनी हाती घ्यावे, यात मला देवाची योजना दिसते. याच संघाने १९६० मध्ये मंगळूरला रोशनी निलय सुरू केले. दोन्ही ठिकाणी सर्व धर्मांचे विद्यार्थी शिकत आले आहेत.

आता शिकवतात तरी काय? मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदा हे विषय असतातच. पण या शिक्षणाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी रुग्णालय, बालगृह, वस्ती किंवा कुटुंब सल्ला केंद्रात काम करतो. परत आल्यावर काय पाहिले, काय बोललो, काय बोलायला नको होते, ते सारे लिहून काढतो आणि प्राध्यापक त्याच्याबरोबर बसून ते लिखाण वाचतात. दारुड्या नवऱ्याच्या बायकोला आपण सहज 'सहन कर' म्हणून मोकळे होतो. तिचे ऐकून घेणे, तिच्या वतीने निर्णय न घेणे आणि तिने सांगितलेले तिच्या परवानगीवाचून कोणाला न सांगणे हे अभ्यासाने अंगी बाणवावे लागते. पापनिवेदन ऐकणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनाही ते सेमिनरीत शिकावेच लागले.

पगाराच्या प्रश्नाचे उत्तर प्रभूने शिष्यांना गावोगावी पाठविताना देऊन ठेवले आहे. त्यांच्या मजुरीचा हक्क त्याने स्वतःच मान्य केला होता. बिनपगारी सेवेला आपल्या धर्मग्रामात जागा आहे आणि राहील. पण मनोरुग्ण, अत्याचारित बालक, व्यसनी तरुण यांच्यापुढे रविवारचा फावला वेळ पुरत नाही.

आज हे अभ्यासक्रम अनेक विद्यापीठांत आहेत आणि सर्वांचा दर्जा सारखा नाही. म्हणून मुलांना प्रवेश घेऊन देताना पालकांनी इमारत आणि जाहिरात पाहू नये. आठवड्यातून किती दिवस क्षेत्रकार्य आहे, त्यावर देखरेख कोण करतो आणि मागच्या वर्षीचे विद्यार्थी आज कोठे काम करीत आहेत, एवढे तीन प्रश्न कचेरीत विचारावेत.