‘बाँड’ आणि ‘वेठ’ : दोन शब्दांचा इतिहास

प्राचीन इंग्रजी कायद्यातील ‘बोन्दा’ हा शब्द मूळचा नॉर्स होय. ‘वसणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून तो सिद्ध झाला असून घरधनी, स्वतंत्र शेतकरी असा त्याचा अर्थ होता. ‘हस्बंड’ ह्या शब्दाचा उत्तरार्ध तोच आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर जमिनीची मालकी सरदारांकडे गेली, तसा शेतकऱ्याबरोबर हा शब्दही खालावला आणि ‘बाँडेज’ म्हणजे जमिनीशी जखडलेल्या कुळाची अवस्था असा अर्थ रूढ झाला. करारपत्र ह्या अर्थाचा ‘बाँड’ व्युत्पत्तीने निराळा. तो ‘बांधणे’ ह्या धातूचा. ध्वनिसाम्यामुळे मात्र दोहोंचे अर्थ एकमेकांत मिसळले.

मराठी ‘वेठ’ हा शब्द ह्याहून जुना आहे. संस्कृत ‘विष्टि’, प्राकृत ‘विट्ठि’ आणि मराठी ‘वेठ’ असा त्याचा सरळ क्रम लागतो. इ.स. १५० च्या सुमाराच्या जुनागढ शिलालेखात रुद्रदामन सांगतो की, कर व विष्टि ह्यांनी प्रजेस न पीडता आपण सुदर्शन तलावाची डागडुजी केली. म्हणजे मूळ अर्थ राजाने सक्तीने करवून घेतलेले काम, असा होता. पुढे फारसी ‘बेगार’ त्यास येऊन मिळाला व ‘वेठबिगार’ हा समास झाला. ‘कागदपत्र’, ‘बाजारहाट’ ह्यांप्रमाणेच येथेही दोन भाषांतील समानार्थी शब्द शेजारी बसले आहेत.

वांगणी ज्या जव्हार-मोखाडा भागात मोडते, तो भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. ह्याच जिल्ह्यातील उंबरगाव व डहाणू तालुक्यांत १९४५ मध्ये वारल्यांनी जो लढा दिला, तो दोन गोष्टींविरुद्ध होता : एक वेठ, दुसरी ‘लग्नगडी’ची पद्धत. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतलेला तरुण ते फिटेपर्यंत, बहुधा पत्नीसह, त्याच्या घरी राबे. वेठीत हुकूम होता, लग्नगड्यात कर्ज. गोदावरी परुळेकर ह्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात त्या लढ्याची हकीकत आहे.

राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने ‘बेगार’ हा शब्द घेऊन सक्तीच्या श्रमास बंदी केली. १९७६ च्या कायद्याने ‘बाँड’ हा शब्द घेऊन कर्जापोटी होणाऱ्या श्रमावर बोट ठेवले. त्या कायद्यात अशा पद्धतींच्या स्थानिक नावांची यादी आहे. तिच्या शेवटी ‘वेट्टी’ येते, म्हणजे विष्टिचेच दक्षिणी रूप. ‘लग्नगडी’ तीत नाही. तथापि यादी केवळ उदाहरणादाखल आहे. निर्णायक आहे ती व्याख्या. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर करविलेले कामही सक्तीचे श्रम ठरविले.

ही बाब केवळ कोशकाराच्या आस्थेची नाही. ‘वेठ’ म्हणताच आपल्या मनात फुकटचे काम येते, आणि ‘वेठीस धरणे’ हा वाक्प्रचार तर आज संपामुळे अडलेल्या प्रवाशासही लावला जातो. उलट वीटभट्टीवर जाणारे कुटुंब पावसाळ्याआधी वा नंतर जी आगाऊ रक्कम घेते, तिचे नाव ‘उचल’. हा शब्द निरुपद्रवी वाटतो. पण उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नसेल, तर नाव काहीही असो, तो लग्नगडीच होय. म्हणून अशा ठिकाणी चौकशी करणाऱ्याने ‘तुम्ही वेठबिगार आहात काय?’ असे न विचारता, ‘उचल किती घेतली, मजुरी किती मिळते आणि मध्येच जाता येते काय?’ हे विचारावे. शब्द बदलतात, बंधन ओळखायचे ते त्यांमागील व्यवहारावरून.