कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक आणि गिटहब : जोडणीची पद्धत व अधिकारांच्या मर्यादा

संगणक आज्ञावली लिहिण्याच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित सहायकांचा वापर आता रूढ झाला आहे. आरंभी हे सहायक केवळ विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत असत. अभियंता आपल्या आज्ञावलीतील काही ओळी त्यांच्यापुढे ठेवी आणि मिळालेली दुरुस्ती स्वतः मूळ जागी उतरवून घेई. आज हेच सहायक आज्ञावली जेथे साठवलेली असते तेथपर्यंत थेट पोहोचतात, फायली वाचतात, त्यांत बदल करतात आणि ते बदल मंजुरीसाठी सादरही करतात. सहायक आणि कोड साठवणारी सेवा यांच्यात जोडणी केल्यामुळे हे शक्य होते. ही जोडणी काही मिनिटांत पूर्ण होते. मात्र तिच्याद्वारे सहायकाला नेमके कोणते अधिकार मिळाले, हा प्रश्न जोडणीच्या सोयीपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

गिटहब म्हणजे काय?

लिनक्स प्रणालीचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ ही आज्ञावली तयार केली. एखाद्या प्रकल्पातील प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि कोणत्या ओळीत केला, याची नोंद गिट ठेवते. या नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. प्रकल्पाच्या सर्व फायली आणि त्यांचा संपूर्ण इतिहास ज्या ठिकाणी एकत्र असतो, त्याला ‘रिपॉझिटरी’ असे नाव आहे.

अशा रिपॉझिटरी माहितीजालावर ठेवण्याची सेवा देणारे गिटहब हे संकेतस्थळ २००८ मध्ये सुरू झाले. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरना ते विकत घेतले. गिटलॅब आणि बिटबकेट या याच स्वरूपाच्या अन्य सेवा आहेत. रिपॉझिटरी सार्वजनिक किंवा खासगी असू शकते. सार्वजनिक रिपॉझिटरी कोणालाही वाचता येते. खासगी रिपॉझिटरी केवळ परवानगी असलेल्यांनाच दिसते.

भारतातील संगणक व्यवसायाशी या सेवेचा निकटचा संबंध आहे. ‘आरोग्य सेतू’ या अ‍ॅपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड केंद्र सरकारने मे २०२० मध्ये गिटहबवरच खुला केला होता. गिटहबच्या २०२५ च्या वार्षिक अहवालानुसार त्या वर्षी भारतातून ५० लाखांहून अधिक नवे सदस्य या सेवेत दाखल झाले.

जोडणीचा प्रवास

गिटहबने ‘कोपायलट’ हा सहायक जून २०२१ मध्ये चाचणीसाठी आणि जून २०२२ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध केला. अभियंता लिहीत असताना पुढील ओळी सुचवणे, एवढेच त्याचे आरंभीचे काम होते. पुढे सहायकांनी स्वतःहून फायली शोधाव्यात, चाचण्या चालवाव्यात आणि सोपवलेले काम पूर्ण करावे, अशी अपेक्षा निर्माण झाली. त्यासाठी बाहेरील सेवांशी संपर्क साधणे आवश्यक होते. परंतु प्रत्येक सहायक आणि प्रत्येक सेवा यांच्यात स्वतंत्र दुवा तयार करणे खर्चिक ठरत होते.

या अडचणीवर उपाय म्हणून अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ अर्थात ‘एमसीपी’ हा खुला संकेत जाहीर केला. सहायकाने सेवेकडे कोणत्या स्वरूपात मागणी करावी आणि सेवेने उत्तर कसे द्यावे, हे या संकेताने ठरवून दिले आहे. पुढे इतर कंपन्यांनीही तो स्वीकारला. गिटहबने आपला अधिकृत एमसीपी सर्व्हर २०२५ मध्ये उपलब्ध केला. फाइल वाचणे, नोंदवलेल्या त्रुटींची यादी मागवणे, नवी शाखा काढणे अशी कामे या सर्व्हरद्वारे सहायकाला करता येतात.

टोकन : मर्यादित अधिकारांची किल्ली

सहायकाला वापरकर्त्याचा पासवर्ड दिला जात नाही. त्याऐवजी त्याला ‘टोकन’ दिले जाते. टोकन म्हणजे अक्षरे व अंकांची एक लांब साखळी असून ती बाळगणाऱ्याला ठरावीक अधिकार मिळतात. गिटच्या कामासाठी पासवर्ड वापरण्याची सोय गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद केली आहे.

वैयक्तिक टोकनचे दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीच्या टोकनला ‘रेपो’ हा अधिकार दिला, तर वापरकर्त्याला ज्या ज्या खासगी रिपॉझिटरी खुल्या असतात, त्या सर्व टोकनधारकालाही खुल्या होतात. २०२२ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीच्या टोकनमध्ये मात्र रिपॉझिटरी एकेक करून निवडता येतात. फायली, त्रुटींच्या नोंदी आणि बदलांचे प्रस्ताव यांसाठी ‘केवळ वाचन’ किंवा ‘वाचन व लेखन’ असा वेगवेगळा अधिकार देता येतो. टोकनची मुदतही ठरवता येते.

संस्थांसाठी ‘गिटहब अ‍ॅप’ हा आणखी एक मार्ग आहे. यात जोडणी एखाद्या कर्मचाऱ्याच्या खात्यावर अवलंबून नसते आणि संस्थेसाठी तयार होणारे टोकन एका तासात आपोआप बाद होते. त्यामुळे टोकन चोरीला गेले, तरी त्याचा दुरुपयोग करण्यास मिळणारा अवधी कमी राहतो.

वाचन, लेखन आणि मंजुरी

केवळ वाचनाचा अधिकार असलेला सहायक कोड समजावून सांगू शकतो, त्रुटीचे मूळ शोधू शकतो आणि दुरुस्ती सुचवू शकतो. लेखनाचा अधिकार मिळाल्यावर तो स्वतः बदल नोंदवू शकतो. असे बदल थेट मुख्य शाखेत होऊ नयेत, यासाठी प्रचलित पद्धतीचाच आधार घेतला जातो. सहायक स्वतंत्र शाखा म्हणजे ‘ब्रँच’ तयार करतो, तेथे बदल करतो आणि ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणजे ते बदल मुख्य शाखेत घेण्याचा प्रस्ताव मांडतो. प्रस्ताव तपासून स्वीकारणे किंवा नाकारणे हे काम माणसाकडे राहते.

ही पद्धत केवळ सौजन्यावर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही. मुख्य शाखेला ‘संरक्षित’ ठरवून, किमान एका व्यक्तीच्या मंजुरीशिवाय तेथे कोणताही बदल होऊ नये, असा नियम गिटहबवर लागू करता येतो. सहायकाला सूचना दिल्याने तो ती पाळेलच अशी हमी नसते. सेवेवर लागू केलेला नियम मात्र सहायकालाही बंधनकारक ठरतो.

परक्या मजकुरातून येणारा धोका

सहायकाच्या दृष्टीने वापरकर्त्याची आज्ञा आणि वाचलेल्या फायलीतील मजकूर हे दोन्ही शब्दच असतात. त्यांतील भेद त्याला नेहमी ओळखता येईल, याची खात्री देता येत नाही. या उणिवेचा लाभ घेऊन मजकुरात आज्ञा दडवण्याच्या प्रकाराला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ म्हणतात. आज्ञावलीकार सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये हे नाव रूढ केले.

गिटहबच्या बाबतीत हा धोका कसा उद्भवू शकतो, हे इन्व्हेरियंट लॅब्ज या सुरक्षा संशोधन करणाऱ्या कंपनीने मे २०२५ मध्ये दाखवून दिले. सार्वजनिक रिपॉझिटरीत त्रुटीची नोंद, म्हणजेच ‘इश्यू’, कोणीही करू शकतो. संशोधकांनी अशाच एका नोंदीत सहायकाला उद्देशून सूचना लिहिली. पुढे मालकाने सहायकाला सार्वजनिक रिपॉझिटरीतील नोंदी पाहण्यास सांगितले. सहायकाने ती नोंद वाचली, त्याच मालकाच्या खासगी रिपॉझिटरीतील माहिती गोळा केली आणि ती सार्वजनिक रिपॉझिटरीतील एका प्रस्तावात मांडली. यात कोणताही पासवर्ड फोडण्यात आला नव्हता. सहायकाने केलेली प्रत्येक कृती त्याला दिलेल्या अधिकारांच्या कक्षेतच होती.

विलिसन यांनी २०२५ मध्ये या धोक्याची तीन अंगे स्पष्ट केली : खासगी माहिती वाचण्याची मुभा, परक्या व्यक्तीने लिहिलेल्या मजकुराशी संपर्क आणि माहिती बाहेर पाठवण्याचे साधन. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माहिती बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा होतो; त्यांपैकी एक जरी काढून घेतली, तरी तो बंद होतो. वर सांगितलेल्या प्रकारात टोकन केवळ सार्वजनिक रिपॉझिटरीपुरते असते, तर खासगी माहिती सहायकाच्या हाती लागलीच नसती.

रिपॉझिटरीत राहिलेली गुपिते

टोकन, पासवर्ड किंवा माहितीसाठ्याच्या किल्ल्या कोडमध्येच लिहून ठेवण्याची सवय जुनी आहे आणि महागातही पडली आहे. उबर कंपनीच्या अभियंत्यांच्या गिटहबवरील खासगी रिपॉझिटरीत २०१६ मध्ये परक्यांनी प्रवेश मिळवला. तेथे सापडलेल्या किल्लीच्या आधारे त्यांनी सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती मिळवली. ही बाब नोव्हेंबर २०१७ मध्ये उघड झाली.

अशी किल्ली फाइलमधून खोडून टाकणे पुरेसे नसते. गिट जुन्या सर्व नोंदी जपून ठेवत असल्याने ती इतिहासात कायम राहते आणि सहायकालाही वाचता येते. म्हणून सर्वप्रथम ती किल्ली रद्द करून नवी घेणे हाच खात्रीचा उपाय आहे. सार्वजनिक रिपॉझिटरीत ओळखीच्या स्वरूपाची गुपिते पाठवली जात असल्यास ती अडवण्याची सोय गिटहबने २०२४ पासून सर्व वापरकर्त्यांसाठी आपोआप सुरू ठेवली आहे.

जोडणी करताना घ्यावयाची दक्षता

आरंभी एकच रिपॉझिटरी निवडावी आणि केवळ वाचनाचा अधिकार द्यावा. गिटहबच्या एमसीपी सर्व्हरमध्येही ‘केवळ वाचन’ ही व्यवस्था उपलब्ध आहे. लेखनाची गरज निर्माण झाल्यावर प्रथम मुख्य शाखा संरक्षित करावी, त्यानंतरच तो अधिकार द्यावा. टोकनची मुदत कामापुरतीच ठेवावी आणि टोकन कोणत्याही फाइलमध्ये लिहून ती फाइल रिपॉझिटरीत पाठवू नये. सार्वजनिक नोंदी वाचणाऱ्या सहायकाला त्याच वेळी खासगी रिपॉझिटरी खुली ठेवू नये. कंपनीच्या किंवा ग्राहकाच्या कोडसाठी संबंधितांची पूर्वपरवानगी घ्यावी, कारण सहायकाने वाचलेला मजकूर सामान्यतः त्या सेवेच्या सर्व्हरपर्यंत जातो.

दिलेला अधिकार गिटहबच्या सेटिंग्जमधून केव्हाही रद्द करता येतो. वापरात नसलेल्या जोडण्या आणि टोकन ठरावीक काळाने तपासून काढून टाकणे हितावह ठरते. अधिकार रद्द केल्याने पुढील वाचन थांबते. आधी वाचून झालेले मात्र परत घेता येत नाही. त्यामुळे मर्यादा ठरवण्याची योग्य वेळ जोडणी करण्यापूर्वीचीच असते. सहायकाने सुचवलेला बदल मुख्य शाखेत गेला, तर त्याचे उत्तरदायित्व तो मंजूर करणाऱ्या व्यक्तीकडेच राहते.