‘नाका’ म्हणणारा म्हातारा

चपला इथंच काढा. देवळात जायचंय म्हणून नव्हे, चिखल त्या गिळून टाकील म्हणून. चष्मा, मोबाइल, पाकीट, सगळं राहू द्या. कमरेला एक पंचा पुरे. आणि निघण्याआधी काहीतरी झणझणीत खाऊन घ्या, कारण आपण जातोय तिथं लाल मिरची अजून पोचलेली नाही.

मिटा डोळे. आता उघडा.

आधी वास येतो. कुजक्या पानांचा, खाऱ्या गाळाचा, मेलेल्या खेकड्याचा. मग उकाडा. पावसाची सर नुकती गेलीय, ढगांतून ऊन निसटलंय आणि जमिनीतून अशी वाफ निघतेय की तुम्ही इडलीपात्रात उभे आहात असं वाटावं. मग कळतं की पाय हलत नाहीत. पोटरीपर्यंत काळी, चिकट माती. तिला इथं चिकोल म्हणतात. उपसून काढलेल्या पायाला ती ‘फच्च’ करून निरोप देते आणि दुसऱ्याला लगेच धरते.

तुम्ही दिवाडी बेटावर आहात, मांडवीच्या कुशीत. साल १५०० च्या आसपासचं. कुणाला विचारलंत तर तो साल सांगणार नाही, तिथी सांगेल: श्रावणातली अमावास्या. आठवड्यापूर्वी अष्टमीला बेटाच्या टोकाशी, नार्व्याला, सप्तकोटेश्वरापाशी स्नानाची झुंबड उडाली होती. आज ती गर्दी नाही, पण पाण्याची आहे. अमावास्येला उधाण येतं, आणि इथल्या लोकांचं पंचांग भरती-ओहोटीच्या कागदावर छापलेलं असतं.

डावीकडे बघा: नदी, गढूळ, रुंद, काठाला तिवरांची झुडपं. उजवीकडे बघा: भात, हिरवंगार, नुकतं निसवलेलं, दाणा अजून दुधात. आता दोन्हीकडे एकदम बघा. लक्षात आलं? नदी शेतापेक्षा उंच आहे. मधे आहे तो फक्त हा बांध, ज्यावर तुम्ही तोल सावरत उभे आहात. चिकोल, पेंढा, बांबू आणि तिवराच्या फांद्या यांचा हा उंचवटा. नदीच्या अंगाला जांभ्या दगडाची चिलखतासारखी बाजू. याच्या जोरावर पूर्वजांनी खाडीच्या तोंडचा घास काढून घेतला. या जमिनीला म्हणायचं खाजन, आणि इथं पिकणाऱ्या, थोडं मीठ पचवणाऱ्या भाताला कोरगुट.

“धर मरे!”

डोक्यावर टोपली आदळते. ओला चिकोल, दोन पायल्यांचं वजन. कानामागून थंडगार ओघळ मानेवर उतरतो. टोपली देणारी बाई गावडी समाजातली, काष्टा मारलेली, दंडावर चिखल वाळून भेगाळलेला. तुमच्या चेहऱ्याकडे ती बघतसुद्धा नाही. पुढच्या माणसाच्या हातात टोपली द्या, रिकामी मागं घ्या, परत भरलेली धरा. साखळीत चाळीसेक माणसं आहेत, आणि त्या साखळीच्या शेवटी एक भोक आहे, जेमतेम मुठीएवढं. कुर्लीनं, म्हणजे खेकड्यानं, पाडलेलं. दुपारच्या भरतीला त्यातून पाण्याची धार आत यायला लागली, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं.

मुठीएवढ्या भोकाला चाळीस माणसं? हसू नका. रात्रीच्या भरतीपर्यंत ते भोक परातीएवढं होईल, पहाटेपर्यंत दरवाजाएवढं. एकदा खारं पाणी भरलं की यंदाचं भात गेलंच, पण जमिनीतलं मीठ पावसानं धुऊन निघेपर्यंत पुढची वर्षंही हातची जातात. तेही एकाचं शेत नाही, बांधाच्या आत असेल त्या सगळ्यांचं.

थोडं पुढं चला, मानस बघू. बांधाच्या पोटात बसवलेली ही लाकडी मोरी. दगडी कमानीत वरून टांगलेली जाड फळी, तिला ना कुलूप ना राखणदार. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून नदीत पळतं. भरती आली की नदीचं पाणी तिला उलटं दाबतं आणि ती आपोआप बंद होते. कान लावा. ओहोटी चाललीय, फळी लटपटतेय, पाणी खळखळत बाहेर पडतंय, आणि त्या प्रवाहात जाळं धरून एक पोरगा उभा आहे. शेवटे, काळुंद्र, सुंगटं उड्या मारतायत. पण फळीचा खालचा कोपरा बघा. कुजून गेलाय. बोट घातलंत तर आत जाईल. आज रात्री सभेत जे व्हायचंय, ते या कोपऱ्यामुळं.

संध्याकाळ होते. कुणीतरी तुमच्यापुढं मातीच्या वाडग्यात पेज ठेवतं. उकडा तांदूळ, वर मिठाची कणी, सोबत भाजलेला बांगडा आणि सोलांचं पातळ सार. तिखटपणा मिऱ्याचा आहे, जिभेवर उशिरा चढतो. टोमॅटो शोधू नका, बटाटा शोधू नका. टेकडीकडे नजर टाका, काजूचं एकही झाड नाही. ही सगळी मंडळी अजून समुद्रापलीकडं आहेत. माडाची सूर मात्र आहे. पण आत्ता नको, सभा आहे.

ढोल वाजतो.

आता गंमत बघा. मघाशी तुम्हाला वाटलं असेल की हे चार घरांचं गाव. ढोल ऐकून टेकडीच्या पायथ्याशी एकेक उजेड हलायला लागतो. गाव म्हणजे इथं घरांचा पुंजका नव्हे. एक वाडा या घळीत, दुसरा माडांपलीकडं, तिसरा मिठागरांच्या काठाला. मांडवीपलीकडच्या बेटाचं नावच तिसवाडी, तीस वस्त्यांचं. माणसं चुडतांच्या पेटत्या चुडी हवेत फिरवत, ठिणग्या उडवत बांधावरून रांगेनं येतात. एक होडी किनाऱ्याला लागते. कुणी चिखलानं भरलेले पाय तळीवर धुतो. बेडकांचा कोलाहल इतका की दोन माणसांना बोलायचं तर खांद्याला खांदा लावावा लागतो.

देवळाच्या मंडपात दिव्यांना खोबरेल घातलंय. त्याचा गोडसर धूर, ओल्या पंचांचा वास, घाम, सुपारी. तुम्ही आत जायला पाऊल उचलता आणि एक हात छातीवर येतो.

“तूं खंयच्या वांगडाचो?”

वांगड म्हणजे गावकारांचं कूळ. गाव वसवणाऱ्यांचे वंशज ते गावकार, आणि सभेत बसायचा हक्क त्यांचा. तोही पुरुषांचाच. तुम्हाला कुठलाच वांगड नाही. तेव्हा मुकाट्यानं बाहेर, पायरीवर बसा. शेजारी मघाची टोपलीवाली आहे, तिच्या घरचे आहेत, कुंभार आहे, न्हावी आहे. बांध ज्यांच्या डोक्यावरून वाहून नेला जातो ते इथं, बांधाचं ठरवतात ते आत. पायरीवरून आतलं सगळं दिसतं, ऐकूही येतं. बोलता तेवढं येत नाही.

कुळकर्णी वही उघडतो. डोकावून बघा: अक्षर मोडी नाही, बाळबोधही नाही. ही गोयकानडी, कानडी वळणाची. बोरूची करकर थांबली की सभा थांबते.

सुरुवात सोपी. मानशीवरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव. एक बोली, दुसरी बोली, मधेच कुणाचा तरी विनोद, हशा, तिसरी बोली, झालं. मग हिशोब. शेतं पावणीनं दिली त्याचे पैसे आले. त्यातून राजाचा सारा, देवाचा खर्च, गावाची सेवा करणाऱ्यांचं देणं आणि बांधाची डागडुजी. एवढं भागून उरलं तर ते गावकारांत वाटायचं. त्या वाट्याला जोण म्हणतात. आणि उरलं नाही, उलट कमी पडलं तर? तर तेही वाटून घ्यायचं, खिशातून. नफ्याला माना वर होतात, तुटीला सगळ्यांना एकदम खोकला येतो. पाचशे वर्षांनी सोसायटीच्या सभेत तुम्ही हाच खोकला ऐकणार आहात.

मग मानशीचा विषय निघतो. नवी फळी हवी, आजच. सुतार तयार आहे, लाकूड तयार आहे. खर्च जोणीतून कापायचा. एकेका वांगडाला विचारलं जातं. हो. हो. हो. मुख्य गावकार पानाच्या तबकाकडं हात नेतो, आणि खांबाला टेकून बसलेला, दात नसलेला एक म्हातारा तोंड उघडतो.

“नाका.”

आपल्या ‘नको’चा हा सख्खा भाऊ. पण आपल्या सभेत एकानं नको म्हटलं तर बाकीचे हात वर करतात आणि विषय संपतो. इथं विषय अडतो. मतं मोजायची रीतच नाही. सगळ्यांचं हो, तर हो. एकाचं नाका, तर नाका. बोरू थांबतो. बेडूक थांबत नाहीत.

“का रे बाबा?” कुणीतरी विचारतं.

म्हातारा उत्तर देत नाही. द्यायची गरजही नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या आठवड्यात नवं आहे, नव्या पिकाचा सण. नव्या भाताची पहिली लोंबी कापायचा मान कुणाचा, देवळात पहिलं पान कुणाला, मग दुसरं, मग तिसरं, हा इथं जिवाचा विषय. गेल्या वर्षी त्याच्या वांगडाचं पान एक जागा मागं सरकलं. वर्षभर तो ते चघळतोय, दात नसताना.

मुख्य गावकार समजावतो. म्हातारा छताकडं बघतो. कुणी जुन्या वहीतला आधार काढतं. म्हातारा म्हणतो, ती वही तुझ्या आज्यानं लिहिली. हशा, मग भांडण, मग एकदम शांतता. दिव्यात तेल घातलं जातं. तुम्हाला पायरीवर डास फोडून काढतायत. पान आधी की फळी आधी, यावर रात्र चढत जाते. आणि भरतीही.

तुमच्या शेजारची जागा रिकामी झालीय, हे तुमच्या उशिरा लक्षात येतं. टोपलीवाली उठून गेली होती. ती परत येते तेव्हा कमरेपर्यंत भिजलेली आहे. पायरीवर बसत नाही. उंबऱ्याशी उभी राहते, आत पाय ठेवत नाही, आणि मूठ उघडून काहीतरी मंडपात टाकते. फरशीवर ‘टप’. कुजक्या लाकडाचा तुकडा, तळहाताएवढा.

“उदक आयलें,” ती म्हणते.

पाणी आलं. बस, एवढंच.

कुणी तिला बाहेर हो म्हणत नाही. सगळे त्या तुकड्याकडं बघतायत. बेडकांच्या आवाजातून एक दुसरा आवाज ऐकू येतोय, आता तुम्हालाही येईल: लांबवर, अडखळत पडणारं पाणी. इतका वेळ मला हे कळत नव्हतं की एका चिडक्या म्हाताऱ्याला अख्खं गाव एवढं का सांभाळून घेतं. त्या आवाजात कळतं. म्हाताऱ्याच्या वाट्याची हातभर लांबीही याच बांधात आहे. नव्वद जण जागे असले आणि एक रुसून झोपला, तर पाणी नेमकं त्याच्याकडून आत येणार. बांधाला बहुमत कळत नाही.

सगळ्यांत आधी म्हातारा उठतो. खांबाला धरून, गुडघ्यांचा आवाज करत. पानाच्या तबकाला वळसा घालून तो थेट उंबऱ्यापाशी येतो आणि बाईला म्हणतो, “टोपली दी.”

पुढचं सांगायला नको, तुम्ही त्यात आहात. चुडींचा उजेड, घसरणारे पाय, सुताराच्या ठोकण्याचा आवाज, छातीपर्यंत पाणी. एक माणूस फळीला पाठ लावून उभा, दोघं त्याला धरून, तिसरा भेगेत पेंढा कोंबतोय. टोपली आली, टोपली गेली. आता कोण गावकार आणि कोण नाही हे चिखलात ओळखू येत नाही. निदान आत्ता, उद्या सकाळी येईल. मध्यरात्र उलटते. भरती माथ्याला पोचते, थबकते. नवी फळी दाबाखाली एकदा करकरते आणि कमानीत घट्ट बसते: धप्प. त्यानंतर फक्त बेडूक.

पहाटे परत मंडपात. म्हाताऱ्याच्या हातात पान आहे. कितवं, ते कुणी मोजलं नाही की मुद्दाम मोजून दिलं, ते मला विचारू नका. कुळकर्णी बोरू बुडवतो आणि लिहितो, की मानशीला नवी फळी घालावी असं सर्व गावकारांनी एकमुखानं ठरवलं. चिकोलाच्या बोटाचा एक ठसा पानावर उमटतो, तो वाळूनं टिपतो. थोड्या वर्षांनी इथं राज्य बदलेल, आणि १५२६ मध्ये अफोन्सो मेक्सिया नावाचा पोर्तुगीज अधिकारी बेटांवरच्या या गावकारीच्या रीतीभाती एका सनदेत लिहून काढेल: पहिलं पान कुणाचं, मान कुणाचा, तूट कुणी भरायची. पुढं गावकारीचं नाव कोमुनिदाद होईल. वह्यांवर वह्या चढतील. टोपलीवालीचं नाव यातल्या कुठल्याही वहीत असणार नाही.

तुमचंही नसेल. चला, डोळे मिटा.

घरी आलात की हात धुवा. नखांतली काळी रेघ साबणानं जाणार नाही, दोन दिवस राहील. बांधात तुमची एक टोपली आहे. ती नेमकी कुठली, हे सकाळ झाल्यावर कुणालाच सांगता यायचं नाही.