स्वप्न, दृष्टांत आणि लोककार्य

‘दृष्टांत’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक, मुद्दा पटवण्यासाठी दिलेला दाखला. दुसरा, झोपेत देवाने वा संताने दिलेली आज्ञा. हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात याचे आम्हांस नवल वाटत नाही. स्वप्न चारचौघांना सांगावे आणि त्यातून काम उभे करावे, अशी एक रीत आपल्याकडे होतीच.

वाघोलीहून आळंदी फार लांब नाही. पैठणच्या एकनाथांना स्वप्नात ज्ञानेश्वर दिसले. अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, येऊन काढ, असे ते म्हणाले. नाथांच्या अभंगात ही हकीकत आहे. नाथ आळंदीस आले, मुळी दूर केली. पुढचे कार्य त्याहून मोठे. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत सुमारे तीनशे वर्षांत अपपाठ शिरले होते. नाथांनी डोळ्यांत तेल घालून १५८४ साली ग्रंथ शुद्ध केला, आणि यापुढे तीत कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. कंठ कशाने आवळला होता, हे यावरून उमगते. स्वप्नाने दुखणे दाखवले. औषध मात्र जागेपणीच करावे लागले.

देहूच्या तुकोबांना स्वप्नात नामदेव पांडुरंगासह भेटले आणि कवित्वाचे काम अंगावर पडले. बहिणाबाईंना कोल्हापुरात तुकोबांचा स्वप्नातच अनुग्रह झाला. ब्राह्मण स्त्रीने कुणब्याला गुरू मानावे, हे त्या काळी कोणाला रुचणार? पतीने विरोध केला. तरी त्यांनी ते स्वप्न लपवले नाही, आपल्या अभंगांत सांगून ठेवले. दिवसा जो अधिकार समाज देत नव्हता, तो त्यांना रात्रीने दिला.

ही रीत केवळ आपलीच नव्हे. सतराव्या शतकात कॅनडातील ह्युरॉन लोक आपले स्वप्न कोड्यासारखे गावापुढे मांडत आणि गाव ते ओळखून पुरे करी, असे फ्रेंच मिशनऱ्यांनी नोंदवले आहे.

कोणी म्हणेल, दृष्टांताच्या नावाखाली भोंदूगिरीही चालते. खरे आहे. रात्री देव स्वप्नात येतो आणि सकाळी मोक्याच्या जागेवरच्या दगडाला शेंदूर लागतो! म्हणून आमची कसोटी साधी आहे : स्वप्नामुळे ते पाहणाऱ्याच्या अंगावर काम पडते, की दुसऱ्याच्या खिशात हात जातो?

२०२१ साली महापालिकेत आलेल्या या वाघोलीची जुनी ओळख दगडखाणींची. खाणकामगार मुकादमापुढे जे बोलत नाही, ते त्याला रात्री दिसते. दरड अंगावर आल्याचे स्वप्न एकाला पडले, तर लोक हसतील. पण तेच पाच जणांना पडत असेल, तर सकाळी सुरुंगाला हात लावण्यापूर्वी ती दरड पाहून यावी. दरड पक्की निघाली, तर पाच जणांची झोप परत मिळेल. सैल निघाली, तर पाच घरे वाचतील.

तेव्हा स्वप्न सांगावे, ऐकावे, आणि खातरजमा करून कामाला लागावे. नाथांनी हेच केले.